प्लेअरची बॅटरी लवकर उतरते? बॅटरी बदलण्याआधी सेटिंग्ज तपासा

लक्षण साधारण असं असतं. प्लेअर नवा होता तेव्हा एका चार्जिंगमध्ये दोन-तीन दिवस गाणी ऐकून व्हायची. आता सकाळी पूर्ण चार्ज करून निघालं की संध्याकाळी लाल खूण दिसते. किंवा रात्री 70 टक्क्यांवर ठेवलेला प्लेअर सकाळी उघडावा तर पार बंद पडलेला. केबल बदलून होते, चार्जर बदलून होतो आणि मग बॅटरी गेली असं ठरतं. कधी ती खरंच गेलेली असते. पण मधल्या काळात इक्वलायझर (खालच्या-वरच्या सुरांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करणारी सोय) लावलेला असतो, मोठं मेमरी कार्ड घातलेलं असतं, फर्मवेअर (प्लेअर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झालेलं असतं, आणि याचा बॅटरीशी काही संबंध असेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

संबंध असतो, आणि फोनपेक्षा प्लेअरमध्ये जास्त असतो. हिशोब करून बघा. समजा प्लेअरची बॅटरी 600 एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) आहे आणि गाणं वाजताना तो सरासरी 30 मिलिअँपिअर वीज घेतो. म्हणजे 20 तास. एखाद्या सेटिंगमुळे यात फक्त 10 मिलिअँपिअरची भर पडली तर 20 चे 15 तास होतात. आणखी 20 वाढले की 10 तास. फोनची बॅटरी मोठी आणि त्याचा एरवीचा खर्चही मोठा, त्यामुळे 10 मिलिअँपिअर तिथे कुठल्या कुठे विरून जातात. प्लेअरमध्ये तेवढ्यानेच एक चतुर्थांश वेळ कमी होतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खोक्यावर छापलेले तास बहुतेक वेळा 128 केबीपीएसच्या (सेकंदाला 128 किलोबिट, म्हणजे कमी बिटरेटच्या) एमपी3 सारख्या हलक्या फाइलवर, स्क्रीन बंद, इफेक्ट बंद, वायरलेस बंद आणि आवाज बेताचा ठेवून मोजलेले असतात. तसं कोणी वापरत नाही. तेव्हा छापील आकड्याशी तुलना न करता स्वतःच्याच प्लेअरच्या आधीच्या वागण्याशी तुलना करा.

आधी हे ठरवा: बॅटरी उतरते कधी?

या प्रश्नाचं उत्तर न घेता सेटिंग्ज चाळत बसणं म्हणजे वेळ घालवणं. बॅटरी तीन प्रसंगी उतरू शकते: गाणं वाजत असताना, गाणं थांबवून प्लेअर नुसता पडलेला असताना, आणि तो बंद आहे असं आपण समजत असताना. तिन्हींची कारणं वेगळी आहेत. बॅटरी रात्रीत उतरत असेल तर फाइलचा बिटरेट कमी करून काही होणार नाही.

पहिली चाचणी वाजतानाची. प्लेअर पूर्ण चार्ज करा. इक्वलायझर आणि इतर सगळे इफेक्ट बंद, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद, वायरचे इअरफोन, आवाज नेहमीचा. साध्या एमपी3 किंवा एएसी फायलींची प्लेलिस्ट पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी लावा, स्क्रीन बंद होऊ द्या आणि प्लेअर आपोआप बंद पडेपर्यंत हात लावू नका. किती तास चालला ते लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या तुलना या आकड्याशी करायच्या.

इथे टक्क्यांवर विसंबून राहू नका. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण 4.2 व्होल्टवर असते. मग बराच काळ ती 3.7-3.8 च्या आसपास रेंगाळते आणि शेवटी एकदम घसरते. अनेक छोटे प्लेअर फक्त व्होल्टेज बघून टक्के सांगतात. त्यामुळे मधल्या पट्ट्यातला त्यांचा अंदाज चांगलाच चुकू शकतो. 100 वरून 90 वर पटकन आली म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि 40 वर बराच वेळ टिकली म्हणून खूश व्हायचंही नाही. पूर्ण भरल्यापासून बंद पडेपर्यंतचा वेळच खरा. रॉकबॉक्स (मूळ फर्मवेअरऐवजी प्लेअरवर बसवता येणारं मोफत फर्मवेअर) वापरत असाल तर त्यात बॅटरी बेंच नावाचं प्लगइन आहे. ते ठरावीक अंतराने व्होल्टेज आणि वेळ फाइलमध्ये नोंदवत राहतं, म्हणजे घड्याळाकडे बघत बसावं लागत नाही.

दुसरी चाचणी: गाणं थांबवून, स्क्रीन बंद करून प्लेअर रात्रभर ठेवा. तिसरी: पूर्णपणे बंद करून रात्रभर ठेवा. दोन्ही वेळा सुरुवातीची बॅटरी साधारण सारखी असू द्या.

पहिल्या चाचणीत तास पूर्वीइतकेच भरले तर बॅटरी ठीक आहे, पुढे वाचा. पूर्वीच्या निम्मेच भरले तर सरळ शेवटच्या भागाकडे जा.

वाजताना उतरत असेल तर

सगळ्यात आधी स्क्रीन. छोट्या प्लेअरमध्ये पूर्ण उजेडावरचा बॅकलाइट एकटाच बाकीच्या सगळ्या यंत्रणेइतकी वीज खाऊ शकतो. बॅकलाइटची वेळ 30 सेकंदांवरून 5-10 सेकंदांवर आणा, आणि उजेड कमी करायला विसरू नका, कारण तो कारखान्यातून बहुधा भरपूर वाढवूनच आलेला असतो. गाणं बदललं की स्क्रीन उजळते का, हेही बघा. रॉकबॉक्समध्ये यासाठी कॅप्शन बॅकलाइट अशी सेटिंग आहे. खिशात असलेल्या प्लेअरला दर गाण्याला उजळायची काहीच गरज नाही. होल्ड (बटणांचं कुलूप) लावलेला असताना बटण दाबलं गेलं तर स्क्रीन उजळू नये, अशीही सोय बऱ्याच प्लेअरमध्ये असते. काळी थीम मात्र ओएलईडी स्क्रीनवरच वीज वाचवते. एलसीडीत मागचा दिवा तेवढाच जळतो, समोर काळं असो की पांढरं.

यानंतर प्रोसेसर. माझ्या मते खरी चोरी इथे होते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

प्लेअरचा प्रोसेसर सतत पूर्ण वेगाने चालत नाही. तो थोडं गाणं उलगडून बफरमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) टाकतो आणि वेग कमी करून पडून राहतो. उदाहरणार्थ, पोर्टलप्लेअर चिप असलेल्या जुन्या आयपॉडवर रॉकबॉक्स प्रोसेसर एरवी 30 मेगाहर्ट्झवर ठेवतं आणि गरज पडली की 80 वर नेतं. याला बूस्ट म्हणतात. 80 वर किती वेळ काढला यावर बॅटरी ठरते. साधं गाणं, इफेक्ट नाहीत, तर बराच वेळ 30 वर भागतं. इक्वलायझर लावला की दर सेकंदाच्या 44,100 नमुन्यांवर, दोन्ही चॅनलसाठी, प्रत्येक बँडचं (सुरांच्या एकेका पट्ट्याचं) गणित करावं लागतं. दहा बँड चालू असतील तर दहा वेळा. एकेक बँड हलका वाटतो, पण सगळे मिळून प्रोसेसरला खाली उतरूच देत नाहीत. रॉकबॉक्सच्या डीबग मेनूत बूस्टचं प्रमाण दिसतं. तेच गाणं इक्वलायझरसह आणि इक्वलायझरशिवाय वाजवून तो आकडा बघितला की खात्री पटते.

उपाय म्हणून इक्वलायझर कायमचा काढून टाका असं मी म्हणणार नाही. इअरफोनचा आवाज सुधारत असेल तर दोन तास कमी मिळाले तरी चालतील, हा ज्याच्या त्याच्या पसंतीचा प्रश्न आहे. मात्र शून्यावर ठेवलेले बँड बंद करा. तीन बँडमध्ये काम होत असेल तर दहा कशाला? काही प्लेअरमध्ये बास-ट्रेबलचं नियंत्रण थेट ऑडिओ चिपमध्येच असतं. त्याचा प्रोसेसरवर जवळपास भार नसतो, तेव्हा थोडासा बास वाढवायला तेवढं पुरतं.

क्रॉसफेडबद्दल फार कोणी बोलत नाही. एक गाणं विरत असताना दुसरं सुरू व्हायचं म्हणजे तेवढ्या वेळात दोन गाणी एकदम उलगडावी लागतात. मर्यादित वेळेपुरतं आहे, पण 12 सेकंदांचा क्रॉसफेड आणि तीन-तीन मिनिटांची गाणी असतील तर फरक पडतो. पॉडकास्ट दीडपट वेगाने ऐकताना आवाजाची पट्टी तीच ठेवणारी प्रक्रिया त्याहून जड असते. अपसॅम्पलिंग तर सरळ बंद करा. 44.1 ची फाइल 192 किलोहर्ट्झवर नेली की पुढच्या प्रत्येक टप्प्याला चौपटीहून जास्त नमुने हाताळावे लागतात, आणि मूळ फाइलमध्ये नसलेली माहिती त्यातून निर्माण होत नाही. डीएसडी (आवाज साठवायचा एक वेगळाच फॉरमॅट) फायलींचं असंच. प्लेअरच्या डॅकला (डिजिटल आकड्यांचा ऐकू येणारा सिग्नल बनवणाऱ्या चिपला) डीएसडी थेट समजत असेल आणि सेटिंग 'नेटिव्ह' वर असेल तर ठीक. पण वर इक्वलायझर लावला तर अनेक प्लेअर आधी त्याचं पीसीएममध्ये (नेहमीच्या डिजिटल आवाजाच्या रूपात) रूपांतर करतात, आणि ते काम बरंच जड आहे.

आता फाइल फॉरमॅट. 'लॉसलेस फायली बॅटरी खातात' हे वाक्य सर्रास ऐकू येतं, आणि ते अर्धवट खरं आहे. फ्लॅक या लॉसलेस (आवाजातलं काहीही न गाळता आकार कमी करणाऱ्या) फॉरमॅटची फाइल तयार करायला मेहनत लागते, उलगडायला फार कमी. कॉम्प्रेशनची पातळी 0 असो की 8, उलगडण्याच्या कष्टात नगण्य फरक. गणिताच्या दृष्टीने फ्लॅक एमपी3 पेक्षाही हलकी पडू शकते. याउलट मंकीज ऑडिओ, म्हणजे एपीई, हा फॉरमॅट उलगडायला जवळपास बनवण्याइतकाच त्रास देतो. त्याची 'एक्स्ट्रा हाय' पातळी जुन्या प्लेअरच्या प्रोसेसरचा दम काढते. संग्रहात एपीई असेल तर संगणकावर तिची फ्लॅक करून घ्या. दोन्ही लॉसलेस असल्याने आवाजात काहीही गमावत नाही. एवढ्या कमी कष्टात एवढा फायदा देणारा दुसरा उपाय या सगळ्या यादीत नाही.

मग फ्लॅक बदनाम का? हार्ड डिस्कवाल्या प्लेअरमुळे. ॲपलने 2001 साली पहिला आयपॉड आणला तेव्हा 5 जीबीच्या डिस्कच्या जोडीला 32 एमबी मेमरी दिली होती. डिस्क थोडा वेळ फिरवायची, मेमरी भरून घ्यायची, डिस्क थांबवायची आणि मेमरीतून वाजवायचं, अशी ती योजना. 32 एमबी पूर्ण वापरता आली असं धरलं तर 128 केबीपीएसचं संगीत त्यात 33 मिनिटं पुरतं. 320 केबीपीएसचं 13 मिनिटं. 900 केबीपीएसची फ्लॅक मात्र पाच मिनिटांच्या आत संपते आणि डिस्क पुन्हा फिरू लागते. डिस्क फिरवणं, त्यातही थांबलेली डिस्क सुरू करणं, खर्चिक असतं. अशा प्लेअरवर छोट्या फायलींनी खरंच फरक पडतो. सारखं पुढचं गाणं, पुढचं गाणं करत राहिलं तरी हेच होतं, कारण भरून ठेवलेला बफर वाया जातो. फ्लॅश मेमरी किंवा मेमरी कार्डवाल्या प्लेअरमध्ये फिरणारं काही नसतंच. तिथे फ्लॅकची सगळी गाणी एमपी3 करत बसलात तर कार्डवर जागा होईल, बॅटरी फारशी वाढणार नाही.

गेनची (अँप्लिफायर आवाज किती वाढवतो त्याची) सेटिंग आणि बॅलन्स्ड आउटपुट (डाव्या-उजव्या बाजूंना स्वतंत्र वायरी देणारा जॅक) यांचाही वाटा असतो. हाय गेनवर काही प्लेअरचे अँप्लिफायर आवाज कमी असतानाही जास्त वीज घेत राहतात. बॅलन्स्ड जॅकला तर बहुधा दुप्पट अँप्लिफायर कामाला लागतात. संवेदनशील इअरफोनना लो गेन पुरतो.

रिप्लेगेनला (सगळी गाणी सारख्या आवाजात वाजवणाऱ्या सोयीला) मात्र उगाच दोष देऊ नका. तिथे टॅगमधला (फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या माहितीतला) आकडा वाचून एक गुणाकार होतो, बस.

ब्लूटूथ लावल्यावर

इथे अंदाज चुकतात. ब्लूटूथ म्हणजे जास्त खर्च, असं सरसकट म्हणता येत नाही. मोठा डॅक आणि ताकदवान अँप्लिफायर असलेल्या प्लेअरमध्ये वायरलेस ऐकताना तो सगळा भाग बंद राहू शकतो, आणि मग बॅटरी वायरच्या इअरफोनपेक्षा जास्त टिकते. छोट्या, काटकसरी प्लेअरमध्ये उलटं होतं.

कोडेकने (ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीने) बराच फरक पडतो. एलडॅक हा कोडेक 330, 660 किंवा 990 केबीपीएसवर चालतो. 990 वर रेडिओला जवळजवळ सतत बोलत राहावं लागतं आणि सिग्नल कमजोर असेल तर तेच पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं. प्लेअर एका खिशात आणि हेडफोनचा अँटेना शरीराच्या दुसऱ्या बाजूला, एवढ्यानेही हे होतं. कोडेक 660 वर ठेवून किंवा एएसी-एसबीसी निवडून एक पूर्ण चार्ज वापरून बघा. प्लेअर आवाज पाठवण्याआधी स्वतः पुन्हा कॉम्प्रेस करतो, त्यामुळे मूळ फाइल 24 बिट आणि 192 किलोहर्ट्झची असून या वाटेवर काही हाती लागत नाही.

नुसता पडून असताना उतरत असेल तर

अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरची ही मुख्य तक्रार. गाणं बंद, स्क्रीन बंद, तरी सकाळी 30 टक्के कमी. याचा अर्थ एकच: प्लेअर झोपलेला नाही, त्याला कोणीतरी जागं ठेवतंय.

पहिला संशयित मीडिया स्कॅनर. कार्ड घातलं किंवा फायली बदलल्या की प्लेअर सगळ्या फायली उघडून टॅग वाचतो आणि यादी बनवतो. हजारो गाणी असतील तर वेळ लागतो, आणि ते एकदा व्हायला हवंच. त्रास होतो तो स्कॅन एखाद्या बिघडलेल्या फाइलवर अडकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो तेव्हा. ओळखायची सोपी रीत: कार्ड बाहेर काढा आणि रात्रभराची चाचणी परत करा. बॅटरी टिकली तर दोष कार्डात किंवा कार्डावरच्या फायलींत.

मग शोध निम्म्या-निम्म्याने घ्या. अर्धी फोल्डरं संगणकावर हलवा, चाचणी करा. त्रास राहिला तर उरलेल्यात दोष, गेला तर काढलेल्यात. 60 फोल्डरं असतील तरी सहा फेऱ्यांत नेमकं फोल्डर सापडतं. एवढा धीर नसेल तर आधी दोन गोष्टी बघा. मॅकवरून गाणी कॉपी केली असतील तर कार्डावर प्रत्येक गाण्याच्या जोडीला ठिपका आणि अधोरेखेने सुरू होणारी काही केबीची फाइल तयार झालेली असू शकते. तिचं नाव गाण्यासारखं, एक्स्टेन्शन गाण्याचं, आत गाणं नाही. स्कॅनर अशा शेकडो फायलींवर डोकं आपटतो. त्या खुशाल काढून टाका. दुसरी गोष्ट म्हणजे फायलींत बसवलेली मुखपृष्ठं. 3000 गुणिले 3000 पिक्सेलचं चित्र उलगडलं की मेमरीत 27 एमबी होतं, आणि दाखवायचं असतं तळहाताएवढ्या स्क्रीनवर. 500 गुणिले 500 चं चित्र एक एमबीच्याही आत बसतं.

दुसरा संशयित वाय-फाय. स्ट्रीमिंग ॲप ऑफलाइन गाणी ताजी करत राहतं, ॲप स्टोअर अपडेट उतरवतं, खात्यांचं सिंक चालतं. अँड्रॉइड 6 पासून, म्हणजे 2015 पासून, डोझ नावाची सोय आहे. स्क्रीन बंद असलेलं उपकरण काही वेळ स्थिर पडून राहिलं की ती पार्श्वभूमीतली कामं रोखून धरते. पण एखाद्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'निर्बंध नाहीत' असं दिलं असेल तर ते यातून सुटतं. म्युझिक ॲपला ती सूट द्यावी लागते, नाहीतर काही प्लेअरमध्ये स्क्रीन बंद होताच गाणं तुटतं. पण बाकीच्यांना कशाला? सेटिंग्जमध्ये बॅटरी वापराचं पान उघडा, आणि न वापरलेलं ॲप वरच्या ओळीत दिसलं की पकडलं समजा. ॲप सारखी स्वाइप करून बंद करण्याचा मात्र उपयोग नाही. ती पुन्हा उठतात आणि उठण्याचा खर्च वेगळा.

फर्मवेअर अपडेटनंतर पहिला दिवस सोडून द्या. यादी पुन्हा बनते, ॲप नव्याने तयार होतात, तेवढ्यापुरती बॅटरी उतरतेच. आठवडाभरानंतरही तीच तक्रार असेल तर सेटिंग्ज लिहून घेऊन फॅक्टरी रीसेट करा.

साध्या, अँड्रॉइड नसलेल्या प्लेअरमध्ये कारण बहुधा छोटं असतं. गाणं थांबवलं पण प्लेअर चालूच राहिला. निष्क्रिय असताना आपोआप बंद होण्याची वेळ 'कधीच नाही' वर असेल तर 10 मिनिटांवर आणा.

'बंद' असताना उतरत असेल तर

बटण थोडं दाबून बंद केलेला प्लेअर पुष्कळदा बंद नसतो, झोपलेला असतो. चालू करताना स्वागताचा लोगो न दिसता तो थेट मागच्या गाण्यावर उघडला तर तो झोपलाच होता. झटपट सुरू होण्याची सेटिंग असेल तर ती बंद करा, किंवा बटण दाबून धरून पूर्ण बंद करा. तरीही रात्रीत बॅटरी उतरत असेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका, ते हार्डवेअरचं काम आहे.

आणि बॅटरीच गेली असेल तर

सगळं बंद ठेवूनही पहिल्या चाचणीत तास निम्मेच भरले, 30 टक्क्यांवरून प्लेअर अचानक बंद पडू लागला, आणि चार्जिंगही पूर्वीपेक्षा लवकर 'पूर्ण' होऊ लागलं, तर सेलची क्षमता कमी झाली आहे. लिथियम-आयन सेल काहीशे चार्ज-फेऱ्यांनंतर झिजतोच. खात्री करायची असेल आणि प्लेअरवर रॉकबॉक्ससोबत मूळ फर्मवेअरही ठेवलेलं असेल, तर त्याच फायली दोन्हींवर वाजवून बघा. एका फर्मवेअरवर तास बरे आणि दुसऱ्यावर वाईट, तर दोष सॉफ्टवेअरचा. दोन्हींवर सारखेच वाईट, तर सेल बदला. मागचं झाकण उचललं गेलेलं किंवा स्क्रीन फुगलेली दिसली तर कसलीही चाचणी करू नका. चार्जिंग तिथेच थांबवा आणि तो सेल दाबायच्या, टोचायच्या भानगडीत न पडता जाणकाराकडून काढून घ्या.

नवा सेल वेगळ्या क्षमतेचा बसवलात तर रॉकबॉक्समध्ये बॅटरी क्षमतेचा आकडा बदलायला विसरू नका, नाहीतर उरलेल्या वेळेचा अंदाज जुन्याच हिशोबाने येत राहील. त्यानंतर पहिली चाचणी पुन्हा करून तास लिहून ठेवा, आणि मगच इक्वलायझर, क्रॉसफेड, बॅकलाइट यातलं जे हवं ते एकेक करून परत चालू करा.